पहिली कादंबरी पहिली म्हणूनच विका: अनुवादित थरारकथांच्या प्रकाशकांना बडोद्याच्या वाचकांचं खुलं पत्र

प्रति,
परदेशी थरारकादंबऱ्यांचे मराठी अनुवाद काढणारे सर्व प्रकाशक आणि संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

परदेशातला एखादा लेखक एका पुस्तकानं जगभर गाजला, की त्याची आधीची पुस्तकंही मराठीत येतात. त्यांत त्याची अगदी पहिली, चाचपडत लिहिलेली कादंबरीही असते. मुखपृष्ठावर लेखकाचं नाव शीर्षकापेक्षा मोठं छापलं जातं, खाली गाजलेल्या पुस्तकाचा उल्लेख येतो, मलपृष्ठावर ‘श्वास रोखून धरायला लावणारी’ अशी ओळ येते. ही त्या लेखकाची पहिली कादंबरी आहे, ती अमुक साली लिहिली गेली, हे मात्र पुस्तकात शोधूनही अनेकदा सापडत नाही. ही पद्धत आता इतकी रुळली आहे की तिच्यात काही चूक आहे असं कुणाला वाटेनासं झालंय. आम्हाला वाटतं, म्हणून हे पत्र.

आम्ही बडोद्यात राहणारे मराठी वाचक आहोत. आमच्यात संगणकशास्त्र शिकवणारे आहेत, अनुवाद करणारे आहेत, ग्रंथालयात काम केलेले आहेत. थरारकथा आवडीनं वाचणारे तर सगळेच आहोत. हे पत्र कुठल्या एका प्रकाशनसंस्थेविरुद्ध किंवा एका मराठी आवृत्तीविरुद्ध नाही. पण मोघम बोलण्यात अर्थ नसतो, म्हणून उदाहरणाला आम्ही एकच कादंबरी घेतो: डॅन ब्राऊन यांची ‘डिजिटल फोर्ट्रेस’. ती त्यांची पहिली कादंबरी, कटकारस्थानाची, आणि वाचकांचे तिच्याबद्दल दोन टोकांचे मत असलेली. पुढे तिचा शेवट उघड केला आहे. ज्यांना ती वाचायची आहे त्यांनी आधी वाचून मग इकडे यावं.

मराठी वाचक महाराष्ट्राबाहेर राहत असला की पुस्तकावरची माहिती त्याच्यासाठी फार मोलाची होते. पुण्यात, मुंबईत माणूस दुकानात जाऊन पुस्तक उघडतो, मधली चार पानं वाचतो, नको वाटलं तर परत ठेवतो. बडोद्यात मराठी पुस्तक बहुतेकदा मागवावंच लागतं. मुखपृष्ठाचं चित्र आणि मलपृष्ठावरच्या आठ-दहा ओळी, एवढ्यावर निर्णय होतो. सयाजीरावांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला या शहरात आणलं, मोफत ग्रंथालयांची घडी बसवली, पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरवल्या, परभाषेतलं ज्ञान आपल्या भाषांत यावं म्हणून ग्रंथमाला चालवल्या. इथल्या वाचकाला पुस्तकाची नोंद नेमकी असावी असं वाटतं, ते या मातीतूनच आलेलं आहे.

आधी कादंबरीबद्दल. गोष्ट थोडक्यात अशी: अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेकडे एक प्रचंड यंत्र आहे, ते सगळ्या शक्य किल्ल्या (म्हणजे सांकेतिक संदेश उलगडणारे परवलीचे शब्द) लावून पाहतं आणि संदेश सहा मिनिटांत फोडतं. टँकाडो हा संस्थेचा माजी संगणकतज्ज्ञ त्या यंत्रालाही न फुटणारी पद्धत बनवल्याचा दावा करतो आणि सेव्हिलमध्ये मरतो. तिची किल्ली त्याच्या अंगठीवर कोरलेली आहे असं समजून अंगठीचा शोध सुरू होतो. आमच्यातही या कादंबरीवर एकमत नाही.

जे तिच्या बाजूचे आहेत त्यांचं म्हणणं असं: प्रकरणं 128, बहुतेक दोन-तीन पानांची, प्रत्येकाच्या शेवटी काहीतरी अडकवून ठेवलेलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेतला बंदिस्त घुमट आणि स्पेनमधल्या सेव्हिलच्या गल्ल्या, अशा दोन जागी गोष्ट आलटून पालटून धावते आणि जेमतेम एका दिवसाच्या अवधीत संपते. ही रचना नवख्या लेखकाला सहज साधत नाही. शिवाय विषय. सरकारनं नागरिकांची पत्रं वाचावीत का, आणि वाचणाऱ्यांवर लक्ष कुणी ठेवायचं, हा प्रश्न एका करमणुकीच्या कादंबरीनं 1998 साली मांडला. एडवर्ड स्नोडेन यांनी जून 2013 मध्ये त्याच संस्थेची कागदपत्रं बाहेर आणली, त्याच्या पंधरा वर्षं आधी. मृत टँकाडोच्या तोंडचा प्रश्न, पहारेकऱ्यांवर पहारा कुणाचा, रोमन कवी जुव्हेनलचा आहे, आणि तो कादंबरीत नुसता शोभेपुरता आलेला नाही.

विरुद्ध बाजूचं म्हणणंही तितकंच खरं आहे. सुसान फ्लेचर संस्थेची मुख्य संकेतभेदक, बुद्ध्यंक 170, पण वाचकाला दहा पानं आधी दिसलेलं तिला दिसत नाही. खरा खलनायक कोण याचा अंदाज अर्ध्यावरच येतो. सेव्हिलमधली अंगठीची शोधाशोध एका माणसाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी लांबत जाते, आणि ती शोधायला गेलेला सुसानचा नियोजित वर डेव्हिड बेकर दर वेळी केवळ योगायोगानं वाचतो. सगळ्यांत मोठी नाराजी शेवटच्या भागावर: घड्याळ चालू आहे, जगातले उत्तमोत्तम तज्ज्ञ एका खोलीत उभे आहेत, आणि शाळकरी मुलानं सोडवावं अशा कोड्यापाशी ते अडून बसतात.

यापेक्षा बोलकी गोष्ट म्हणजे कुणाचं मत कसं बनलं. ज्यांनी ही कादंबरी आधी वाचली, त्यांना बहुधा ती बरी वाटली. ज्यांनी लेखकाचं गाजलेलं पुस्तक आधी वाचलं आणि मग ही त्याची ‘नवी’ कादंबरी समजून घेतली, त्यांची निराशा झाली. कच्चेपणा दोघांनाही दिसला. पहिल्यांनी तो समजून घेतला, दुसऱ्यांना आपण फसलो असं वाटलं. हा फरक कादंबरीनं केलेला नाही, मुखपृष्ठानं केलेला आहे. आमच्या तक्रारींचं मूळ इथं आहे.

पहिली तक्रार सालाची. ‘डिजिटल फोर्ट्रेस’ 1998 ची. त्यानंतर 2000 आणि 2001 साली आणखी एकेक कादंबरी आली, आणि ज्या पुस्तकानं हे नाव घरोघर पोचवलं ते, ‘द दा विंची कोड’, आलं 2003 मध्ये. त्यानंतर आधीची तिन्ही पुस्तकंही खपू लागली. 2004 मध्ये चारही पुस्तकं एकाच आठवड्यात न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत होती. म्हणजे लिहिण्याचा क्रम एक आणि वाचकांपर्यंत पोचण्याचा क्रम नेमका उलटा. मराठीत हा उलटा क्रम तसाच येतो, आणि सरळ क्रम सांगणारी एक ओळही सोबत येत नाही.

संगणकाच्या कादंबरीत तर सालाशिवाय वाचताच येत नाही. 1998 च्या जुलैमध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या अमेरिकी संस्थेनं अडीच लाख डॉलरपेक्षा कमी खर्चात एक यंत्र बांधून, तेव्हाची सरकारमान्य, 56 बिटांच्या (बिट म्हणजे शून्य किंवा एक असा एक अंक) किल्लीची डीईएस ही संदेश सांकेतिक करण्याची पद्धत 56 तासांत फोडून दाखवली. कादंबरी त्या काळातली आहे. तेव्हा ‘सगळ्या किल्ल्या लावून पाहा, कुलूप उघडेल’ ही भीती अगदी ताजी होती. आज मराठी वाचकाच्या फोनवर व्हॉट्सॲपचे संदेश 2016 पासून दोन्ही टोकांना कुलूपबंद असतात. साल न छापता हे पुस्तक त्याच्या हाती दिलं, तर आपला कुठलाही संदेश सरकारी यंत्र सहा मिनिटांत वाचू शकतं असं तो धरून चालणार. त्याच्या समजुतीत ही भर तुम्ही घातलेली असेल.

दुसरी तक्रार याहून गंभीर आहे आणि तिच्यावर आम्ही जास्त बोलणार आहोत. तांत्रिक कादंबरी त्या विषयाच्या जाणकाराला न दाखवता छापली जाते.

कादंबरीकारानं कल्पना करायची नाही असं आम्ही म्हणत नाही. 30 लाख प्रोसेसरांचं जमिनीखालचं यंत्र ही कल्पना आहे, ती आम्हाला मान्य आहे. पण कल्पना कुठे संपते आणि चूक कुठे सुरू होते, हे वाचकाला कळायला हवं. पहिलं, त्या यंत्राचंच गणित करून पाहा. प्रत्येक प्रोसेसर सेकंदाला 100 कोटी किल्ल्या तपासतो असं उदारपणे धरलं, तर सगळे मिळून सेकंदाला 30 कोटी कोटी किल्ल्या होतात. 64 बिटांच्या किल्ल्या एकूण सुमारे 1 लाख 84 हजार कोटी कोटी. त्या सगळ्या तपासायला 1 तास 42 मिनिटं लागतील. इथवर कादंबरी बऱ्यापैकी तग धरते. आता किल्ली 128 बिटांची करा. बिट फक्त दुप्पट झाले, पण दर वाढीव बिटामागे काम दुप्पट होत जातं, त्यामुळे त्याच यंत्राला सुमारे 36 कोटी कोटी वर्षं लागतील. विश्वाच्या आजच्या वयाच्या अडीच लाख पटीहून जास्त. म्हणजे यंत्राला हरवायला टँकाडोच्या अद्भुत पद्धतीची गरजच नव्हती, लांब किल्ली पुरली असती. एका जाणकारानं हे तळटीपेत चार ओळींत सांगितलं असतं, आणि वाचकाला ती टीप वाचताना गोष्टीइतकीच मजा आली असती.

दुसरं. पुरेशा किल्ल्या लावून पाहिल्या तर योग्य किल्ली सापडणारच, हे तत्त्व कादंबरीत गणिती सत्य म्हणून येतं. ते तसं नाही. संदेशाइतकीच लांब, पूर्णपणे यदृच्छेनं निवडलेली आणि एकदाच वापरलेली किल्ली असेल तर संदेश फोडता येत नाही, हे अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी 1949 च्या निबंधात सिद्ध केलं आहे. कारण सोपं आहे. पाच अक्षरांच्या अशा संदेशाला सगळ्या किल्ल्या लावल्या, की एका किल्लीनं ‘परत फिरा’ निघेल आणि दुसऱ्या किल्लीनं ‘इथेच थांबा’. दोन्ही सारखेच अर्थपूर्ण. खरा कोणता हे ओळखायला यंत्राकडे काहीच साधन नाही, मग त्यात प्रोसेसर 30 लाख असोत की 30 कोटी.

तिसरं, स्किपजॅक. कादंबरीत संदेश सांकेतिक करण्याच्या या सरकारी पद्धतीत संस्थेनं ठेवलेला चोरदरवाजा, म्हणजे किल्लीशिवाय आत शिरायची छुपी वाट, सापडतो. स्किपजॅक हे नाव खरं आहे. 1993 मध्ये पुढे आलेल्या, फोनवरचं बोलणं सांकेतिक करणाऱ्या क्लिपर चिपसाठी संस्थेनं ती 80 बिटांची पद्धत बनवली होती, आणि जून 1998 मध्ये तिचा आराखडा जाहीर केला. तसला चोरदरवाजा तिच्यात आढळला नाही. खरा वाद होता तो किल्लीची प्रत सरकारकडे ठेवण्याच्या अटीवर. वास्तवातलं नाव आणि कल्पित आरोप एकाच वाक्यात आले, की टीप द्यावीच लागते. ती न देणं अयोग्य आहे.

चौथं, सर्वांत खटकणारं. शेवटची किल्ली म्हणजे हिरोशिमा आणि नागासाकीला कारणीभूत मूलद्रव्यांतला ‘मूळ संख्येचा’ फरक. कादंबरीचं उत्तर 3, कारण ती नागासाकीच्या बॉम्बमध्ये युरेनियम 238 धरते आणि 238 मधून 235 वजा करते. प्रत्यक्षात हिरोशिमावरचा बॉम्ब युरेनियम 235 चा आणि नागासाकीवरचा प्लुटोनियम 239 चा होता. वस्तुमानांकांचा फरक 4 येतो, आणि ती मूळ संख्या नाही. अणुक्रमांक घेतले तर 94 वजा 92 म्हणजे 2, आणि ती मूळ संख्या आहे. म्हणजे खऱ्या इतिहासाच्या आधारे कोडं सोडवणारा वाचक 2 म्हणेल, आणि त्याचं बरोबर असेल. ज्या घटनेत दोन शहरं बेचिराख झाली तिच्याबद्दल मराठी वाचकाच्या हाती चुकीचं रसायनशास्त्र जावं, आणि ते कुणाच्याच नजरेस पडू नये, हे आम्हाला मान्य नाही. दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या कुठल्याही शिक्षकानं हे पान वाचलं असतं तर चूक तिथेच सापडली असती.

सेव्हिलबद्दल थोडक्यात. गिराल्डा मनोऱ्यातला पाठलाग कादंबरीत अरुंद जिन्यावर रंगतो. बाराव्या शतकात मिनार म्हणून बांधलेल्या त्या मनोऱ्यात वर जायला 35 रुंद चढणी आहेत, घोड्यावर बसून जाता येईल अशा. पायऱ्या अगदी शेवटी थोड्या. सार्वजनिक रुग्णालयाचं जे वर्णन आहे त्यावर स्पॅनिश वाचक नाराज झाले, तेही समजण्यासारखं आहे.

या चुका मूळ लेखकाच्या. अनुवाद होताना त्यांत नव्या मिसळतात, आणि त्या कुठे होतात हे आता ठरून गेलेलं आहे. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी म्हणजेच अब्ज; घाईत तीन मिलियनचे तीन लाख होतात आणि यंत्र दहा पटींनी लहान होतं. बिट आणि अक्षर यांची सरमिसळ होते. साध्या पद्धतीत एक इंग्रजी अक्षर साठवायला आठ बिट लागतात, म्हणजे 64 बिटांची किल्ली आठ अक्षरांची. 64 अक्षरांची किल्ली ही सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे, आणि दोन्हींना एकच शब्द वापरला की पुढचं सगळं गणित कोसळतं. व्हायरस आणि वर्म यांनाही सरसकट ‘विषाणू’ म्हणू नये. पहिला दुसऱ्या फाइलला चिकटून पसरतो, दुसरा स्वतःच्या बळावर. कथानकात हा फरक महत्त्वाचा असतो.

तिसरी तक्रार कोड्यांची. अशा कादंबरीत कोडं म्हणजे यंत्राचा भाग असतो. तो तसाच नागरीत उतरवून ठेवला, तर पुस्तक चालत नाही.

टँकाडोच्या गूढ साथीदाराचं नाव नॉर्थ डाकोटा. त्याचं आखूड रूप एनडाकोटा, आणि त्याची इंग्रजी अक्षरं फिरवली की टँकाडो हेच नाव मिळतं. म्हणजे साथीदार नव्हताच. आता मराठीत आपण सहजपणे ‘टँकाडो’ लिहितो. त्यात न हा चंद्रबिंदूत विरघळून गेला, कोडं मेलं. पण पहिल्या पानापासून नाव ‘टानकाडो’ असं लिहिलं आणि टोपणनावाचं आखूड रूप ‘नडाकोटा’ ठेवलं तर? ट, न, क, ड हीच व्यंजनं, दोन काने आणि एक ओकार हीच स्वरचिन्हं. दोन्ही नावं अक्षरन् अक्षर एकमेकांत बसतात. मराठी वाचक ते कागदावर मांडून स्वतः तपासू शकेल. एवढंच की हा निर्णय अनुवाद सुरू करण्याआधी घ्यावा लागतो. चारशे पानं झाल्यावर सुचून उपयोग नाही.

याहून सुंदर कोडं पुस्तकाच्या अगदी शेवटी आहे. तिथे 16 आकडे छापलेले आहेत: 128, 10, 93, 85, 10, 128, 98, 112, 6, 6, 25, 126, 39, 1, 68, 78. हे प्रकरणांचे क्रमांक. त्या त्या प्रकरणाचं पहिलं इंग्रजी अक्षर घ्यायचं, 16 अक्षरं चार-चारच्या चौकोनात आडवी भरायची आणि उभी वाचायची. ‘आम्ही तुमच्यावर नजर ठेवून आहोत’ अशा अर्थाचं वाक्य निघतं. अनुवादात प्रकरणांची पहिली अक्षरं बदलतात. आकडे तसेच छापले तर त्यांतून काहीच निघणार नाही, आणि गाळले तर लेखकाचा शेवटचा खेळ वाचकापासून लपवला.

मराठीत हे बसतं का, हे आम्ही करून पाहिलं. वर लिहिलेलं मराठी वाक्यच मोजा: आ, म्ही, तु, म, च्या, व, र, न, ज, र, ठे, वू, न, आ, हो, त. बरोबर 16 अक्षरं. मात्रा आणि जोडाक्षरं सोडून फक्त पहिलं मूळ अक्षर धरायचं, असा नियम ठेवला की उरतात आ म त म, च व र न, ज र ठ व, न आ ह त. हे चार गट चार उभ्या रांगांत लिहा. आडवं वाचल्यावर क्रम येतो: आ च ज न, म व र आ, त र ठ ह, म न व त. यात वेगळी अक्षरं फक्त दहा: आ, म, त, च, व, र, न, ज, ठ, ह. म्हणजे 128 पैकी केवळ दहा प्रकरणांची सुरुवात त्या अक्षरांनी व्हायला हवी, आणि ‘ठरल्याप्रमाणे’, ‘नंतर’, ‘रात्री’ अशा सुरुवाती मराठी गद्यात हव्या तेवढ्या सापडतात. बहुतेक अक्षरं आधीच कुठे ना कुठे आलेली असतील, कमी पडतील तिथे एखाद-दुसरं वाक्य पुढेमागे करायचं. मूळ आकड्यांच्या जागी नवे 16 आकडे छापायचे. एका दुपारचं काम आहे. मूळ मजकुराला हात लावायला करारात मनाई असेल तर एजंटमार्फत परवानगी मागता येते. कोडं वाचकाच्या भाषेत चालावं अशी विनंती आहे, कथानक बदलायची नाही, हे नीट लिहून कळवलं की मागणी समजण्यासारखी ठरते.

चौथी तक्रार मलपृष्ठाची. लेखकाच्या दुसऱ्याच पुस्तकाची स्तुती या पुस्तकाच्या मलपृष्ठावर छापू नये. आणि पाचवी, अनुवादकाची. त्याचं नाव मुखपृष्ठावर असावं, आत त्याचं एक पानाचं टिपण असावं. त्यानं कुठे काय बदललं, कुठले शब्द का निवडले, हे त्याच्याशिवाय कुणाला सांगता येणार?

यावर तुमचं उत्तर काय असेल याची आम्हाला कल्पना आहे. थरारकथेचा वाचक वेगासाठी वाचतो, टिपा आल्या की तो बिचकतो, आणि जाणकाराकडून वाचून घ्यायला वेळ आणि पैसा लागतो. वेगाचा मुद्दा आम्ही मानतो. म्हणूनच टिपा पानाच्या तळाशी नकोत, शेवटी हव्यात. खर्चाचं म्हणाल तर पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यांत छापलं जातं, आणि शेवटच्या फर्म्यात दोन-चार पानं बऱ्याचदा कोरीच राहतात किंवा जाहिरातींना जातात. शब्दसूची आणि टिपा तेवढ्यात मावतात, कागद वाढत नाही. जाणकारानंही चारशे पानं वाचण्याची गरज नाही. तांत्रिक प्रसंगांची तीस-चाळीस पानं अनुवादकानं खुणा करून द्यावीत, तेवढी तपासली तरी पुरे.

म्हणून आमच्या मागण्या.

मूळ प्रकाशनाचं साल मुखपृष्ठावर किंवा मलपृष्ठावर छापा, आणि पहिली कादंबरी असेल तर तसं स्पष्ट लिहा. आतल्या कॉपीराइटच्या पानावर मूळ शीर्षक, मूळ साल, मराठी अनुवादाच्या पहिल्या आवृत्तीचं साल आणि हातातल्या छपाईचं साल अशा चार नोंदी वेगवेगळ्या द्या. नुसतं पुनर्मुद्रण असेल तर त्याला नवी आवृत्ती म्हणू नका. ग्रंथालयं त्यामुळे तेच पुस्तक दोनदा विकत घेतात. लेखकाच्या पुस्तकांची सालवार यादी एका पानावर द्या.

विज्ञान, संगणक, वैद्यक किंवा कायदा यांवर उभ्या असलेल्या प्रत्येक कादंबरीचे तांत्रिक प्रसंग त्या विषयाच्या एका जाणकाराकडून छपाईआधी तपासून घ्या आणि त्याचं नाव छापा. मूळ लेखकाची चूक मजकुरात गुपचूप दुरुस्त करू नका, ती टिपेत दाखवा. सगळ्या संख्या मूळ पुस्तकाशी ताडून पाहण्याचं काम मुद्रितशोधनापासून वेगळं ठेवा. आणि संकेतशास्त्रातल्या शब्दांसाठी तुमच्या सगळ्या पुस्तकांत एकच सूची वापरा: किल्ली, मूळ मजकूर, सांकेतिक मजकूर, चोरदरवाजा. आज एकाच मालिकेतल्या दोन पुस्तकांत एकाच गोष्टीला दोन शब्द असतात.

कोडी असलेल्या पुस्तकाचा करार करतानाच ती मराठीत घडवण्याची परवानगी मागा, आणि अनुवादकाला त्या कामाचा वेगळा मोबदला द्या. परवानगी मिळाली नाही तर मूळ कोडं आणि त्याची उकल टिपेत छापा.

ज्या पुस्तकांच्या प्रती आज बाजारात आहेत, त्यांच्या पुढच्या छपाईत निदान साल आणि सालवार यादी एवढं तरी घाला. त्यासाठी नवा अनुवाद लागत नाही, परवानगी लागत नाही, दोन ओळी आणि एक पान लागतं.

ग्रंथालयांच्या पुस्तकनिवड समित्यांनाही इथेच एक विनंती. अनुवादित पुस्तकाची मागणी नोंदवताना प्रकाशकाकडे मूळ साल आणि अनुवादकाचं नाव लेखी मागा, आणि ते मिळेपर्यंत खरेदी थांबवा. वर्गणीदाराच्या पैशाची पुस्तकं आहेत.

आमच्यातले काही जण संगणक आणि विज्ञानाच्या मजकुराची तपासणी विनामोबदला करायला तयार आहेत. चाळीस पानं आणि पंधरा दिवस मिळाले तर लेखी अभिप्राय देऊ. वरची 16 अक्षरांची मांडणी कुणालाही वापरता येईल, आमची परवानगी मागायची गरज नाही. तुमच्यापैकी कुणाला आमचं गणित किंवा एखादी तक्रार चुकीची वाटत असेल तर तसं जाहीरपणे लिहा, आम्ही वाचू आणि उत्तर देऊ. पुढच्या अनुवादाच्या मलपृष्ठावर साल दिसलं, तर आम्ही ते पुस्तक मागवू.

आपले,
बडोद्यातील मराठी वाचक